शिक्षिकेची परीक्षा, पण जबाबदारी कोणाची?



गेल्या काही महिन्यांत कामोठे, करंजाडे, उलवे, खांदा कॉलनी या भागांतून मला एकाच प्रकारचे फोन येतायत. "सर, प्रीस्कूल टाकायचंय." "सर, पाचवी ते दहावीचे क्लासेस सुरू करतोय." नवीन इमारती होतायत, विमानतळ सुरू झालाय, लहान मुलांची कुटुंबं राहायला येतायत. मागणी आहे, यात शंका नाही. लोक मला भाडं विचारतात, बेंच कुठे स्वस्त मिळतील ते विचारतात, बोर्ड कुठल्या रंगाचा करू हेही विचारतात. पण "ज्या मॅडम शिकवणार आहेत, त्यांच्या पात्रतेसाठी मालक म्हणून मी काय करायला हवं?" हा प्रश्न आजपर्यंत मला फक्त दोघांनी विचारलाय.

मीही विचारला नव्हता. त्याची किंमत मोजली, म्हणून आज लिहितोय.

माझी चूक आधी सांगतो

तुम्हाला माहीत आहे, जुन्या पनवेलमध्ये माझं स्टेशनरीचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत गणिताची शिकवणी आणि स्कॉलरशिपची बॅच चालते. मी स्वतः शिकवत नाही. माझं बीबीए आहे, मी धंदा बघतो. शिकवायला मॅडम आहेत.

२०२५ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. बी.एस्सी., बी.एड. झालेल्या एक मॅडम माझ्याकडे दोन वर्षं गणित शिकवत होत्या. मुलं त्यांच्यावर खूश, पालक त्याहून खूश. २३ नोव्हेंबर, रविवारी महाराष्ट्राची टीईटी होती. मॅडमनी पंधरा दिवस आधी विचारलं, "सर, परीक्षेच्या आधी सहा दिवस सुट्टी मिळेल का? आणि त्या रविवारी मी येऊ शकणार नाही."

त्याच रविवारी मी स्कॉलरशिपची सराव चाचणी ठेवली होती. मी काय म्हणालो असेन? "मॅडम, सहा दिवस कसं जमेल? ॲडजस्ट करा ना. परीक्षा तुमची आहे, बॅच आपली आहे."

मनात अजून एक गोष्ट होती, ती बोललो नाही. पास झाल्या तर या शाळेत जाणार. मग मी कशाला मदत करू?

मॅडम काही बोलल्या नाहीत. शनिवारपर्यंत शिकवलं, रविवारी परीक्षा दिली, आणि सोमवारी व्हॉट्सॲपवर राजीनामा आला. मागच्या महिन्याचा पगार तेवढा मागितला होता, बाकी एक शब्द नाही.

आता हिशोब बघा. डिसेंबर संपेपर्यंत अकरा मुलं गेली. महिन्याची फी १,२०० रुपये, वर्ष संपायला चार महिने. ११ गुणिले १,२०० गुणिले ४ म्हणजे ५२,८०० रुपये. आणि सुट्टी दिली असती तर? पगार १५,०००, सव्वीस दिवसांनी भागला तर दिवसाला साधारण ५७७. सहा दिवसांचे ३,४६२. बदली शिक्षकाला दिवसाला ५०० प्रमाणे ३,०००. परीक्षेची फी मी भरली असती तर त्यावर हजार-बाराशे. सगळं मिळून आठ हजारांच्या आत.

आठ हजार वाचवायला गेलो आणि त्रेपन्न हजार घालवले. शिवाय पालकांमध्ये जे नाव गेलं, त्याचा आकडा काढता येत नाही.

आधी हे समजून घ्या: तुमच्या धंद्याला कुठली पात्रता लागते?

"शिक्षक पाहिजेत" असा बोर्ड लावण्याआधी आपण नक्की काय चालवतोय हे कागदावर लिहा. तीन प्रकार आहेत आणि तिघांचे नियम वेगळे आहेत.

पहिला प्रकार, पहिली ते आठवीची शाळा. इथे २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागू होतो. त्याच्या कलम २३ नुसार शिक्षकाची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेपासून डी.एल.एड. किंवा बी.एड. सोबत टीईटी पास होणंही बंधनकारक झालं. पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. १५० पैकी ९० गुण, म्हणजे ६० टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. आपल्याकडे ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आधी प्रमाणपत्र सात वर्षंच चालायचं, २०२१ पासून ते आयुष्यभर चालतं. आणि मान्यता न घेता शाळा चालवली तर याच कायद्यात एक लाखापर्यंत दंड आहे, वर पुढच्या प्रत्येक दिवसाला दहा हजारांपर्यंत. तेव्हा "आधी सुरू करू, मग बघू" हे शाळेच्या बाबतीत डोक्यातून काढून टाका.

दुसरा प्रकार, क्लासेस. इथे टीईटी लागत नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलंय की पदवीपेक्षा कमी शिकलेला शिक्षक ठेवू नये. त्या सूचना पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत आणि अंमलबजावणी राज्यांनी करायची आहे. तुमच्याकडे आज वीस मुलं असतील, तरी नियम उद्या दारात येणार हे धरूनच माणूस निवडा. आणखी एक गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. "शाळेतले सर संध्याकाळी येतात आमच्याकडे" हे बोर्डावर मिरवायची गोष्ट नाही. त्यात त्यांची नोकरी अडचणीत येते.

तिसरा प्रकार, प्रीस्कूल. टीईटी पहिलीपासून पुढे आहे, नर्सरी-केजीला नाही. म्हणून लोकांना वाटतं, इथे कोणीही चालतं. तसं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी काय ठरवलंय बघा: बारावी किंवा जास्त शिकलेल्यांना बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा. सरकार अंगणवाडीत एवढी अपेक्षा ठेवतंय आणि आपण महिन्याला दोन-अडीच हजार फी घेऊन "मॅडमना मुलांची आवड आहे" एवढ्यावर भागवायचं? पालकही आता विचारायला लागलेत.

सध्या हा विषय इतका गरम का आहे?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने एक मोठा निकाल दिला. प्रकरण आपल्याच राज्यातलं, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जे शिक्षक आधीपासून नोकरीत आहेत पण टीईटी झालेले नाहीत, त्यांचं काय, हा प्रश्न होता. कोर्टाने सांगितलं: ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा बाकी आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर सेवा संपेल. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी राहिली आहे, त्यांना टीईटीशिवाय राहता येईल, पण बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला.

जरा विचार करा. वीस-बावीस वर्षं फळ्यासमोर उभे राहिलेले सर आणि बाई, घरी मुलांचं कॉलेज, डोक्यावर घराचा हप्ता, आणि आता पुन्हा परीक्षेला बसायचं. अभ्यास त्यांनाच करायचाय. पण अभ्यासाला वेळ कोण देणार? वर्गावर बदली कोण पाठवणार? ते संस्थेच्या हातात आहे.

हे पहिल्यांदा होत नाहीये. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळवायची मुदत दिली. त्यासाठी एनआयओएसने डी.एल.एड.चा मुक्त शिक्षणाचा कोर्स चालवला, देशभरातून दहा लाखांहून जास्त शिक्षकांनी नाव नोंदवलं. दिवसभर वर्गावर शिकवायचं आणि त्यातून वेळ काढून स्वतः शिकायचं. मालकाने साथ दिली तर हे निभतं, नाहीतर घर, नोकरी आणि अभ्यास या तिघांच्या ओढाताणीत माणूस थकतो.

मालकाच्या पाच जबाबदाऱ्या

आता कामाचं. हे पाच मुद्दे वहीत लिहून घ्या.

१. तपासा. प्रमाणपत्र बघितलं म्हणजे तपासलं असं होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी टीईटीतला गैरप्रकार उघड केला, आणि पुढच्या वर्षी परीक्षा परिषदेने २०१९-२० च्या परीक्षेतल्या सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई केली. त्यांतले काही जण तोपर्यंत शाळांत शिकवतही होते. तेव्हा बैठक क्रमांक घ्या, कुठल्या वर्षीची परीक्षा ते बघा, डी.एल.एड. किंवा बी.एड. कॉलेजला एनसीटीईची मान्यता होती का ते बघा, शंका आली तर परिषदेकडे लेखी विचारा. खासगी शाळा असेल तर हे तुमच्या मर्जीवर नाही. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी अधिनियम, १९७७ च्या कलम ५ नुसार कायम रिकामी जागा पात्र माणसाने भरणं हे व्यवस्थापनाचं कर्तव्य आहे. शब्द नीट बघा, कर्तव्य व्यवस्थापनाचं आहे, उमेदवाराचं नाही.

२. वेळ द्या. सगळ्यात महाग आणि सगळ्यात गरजेची गोष्ट हीच. इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या शिक्षकाला दोन वर्षांचा इंडक्शन काळ असतो. पहिल्या वर्षी त्याचे १० टक्के तास कमी करतात, दुसऱ्या वर्षी ५ टक्के, आणि पगार कापत नाहीत. सोबत एक अनुभवी शिक्षक मार्गदर्शक म्हणून देतात. आपल्या दोन खोल्यांच्या क्लासला एवढं झेपेल का? आठवड्याला वीस तास शिकवणाऱ्या मॅडमना दोन तास मोकळे द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. झेपतं. शिवाय आपल्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय. ते ५० तास तुमच्या वार्षिक वेळापत्रकात जूनमध्येच टाका. नोव्हेंबरमध्ये शोधायला गेलात तर मिळणार नाहीत. हे मी अनुभवाने सांगतोय.

३. खर्चात वाटा उचला. परीक्षेची फी, दोन पुस्तकं, केंद्रावर जायचं भाडं, एवढ्यापासून सुरुवात करा. बी.एड. किंवा डी.एल.एड.ची पूर्ण फी भरणं लहान मालकाला जमत नाही, आणि नाही जमत म्हणून सांगायला लाजू नका. पण "बिनव्याजी उचल देतो, बारा महिन्यांत पगारातून थोडी थोडी वळती करू" हे जमतं. लेखी करा, दोघांच्या सह्या घ्या.

४. कागद वेळेवर आणि खरे द्या. नेमणुकीचं पत्र, महिन्याची पगाराची पावती, अनुभवाचा दाखला. मुक्त विद्यापीठाचा बी.एड. मुळात सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे, त्यामुळे तिथे शाळेच्या अनुभवाचा कागद लागतो. तो शेवटच्या तारखेला साहेब गावाला गेलेत म्हणून अडला, तर माणसाचं वर्ष वाया जातं. आणि उलटही तितकंच खरं: क्लासवाल्याने "शाळेत शिकवत होत्या" असा दाखला देऊ नका. कितीही जवळची ताई असो. खोटा दाखला पकडला गेला तर तिची पदवी आणि तुमची सही, दोन्ही अडकतात.

५. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका. "मॅडम पळून जाऊ नयेत म्हणून ओरिजिनल आमच्या कपाटात ठेवतो," असं अभिमानाने सांगणारे मालक मी पाहिलेत. मूळ कागद बघा, झेरॉक्स घ्या, त्याच दिवशी परत करा. दुसऱ्याच्या आयुष्याची कमाई कुलपात ठेवून जे टिकवता, ती नोकरी नसते, ओलीस असतं.

"सर, शिकवून मोठं केलं आणि सोडून गेल्या तर?"

हा प्रश्न तुमच्या डोक्यात पहिल्या ओळीपासून असणार. माझ्याही होता. खरं उत्तर देतो: जातील. काही जणी नक्की जातील. शाळेतली कायम नोकरी आणि तुमच्या क्लासचे पंधरा हजार, यांत त्यांनी काय निवडावं? तुम्ही त्यांच्या जागी असतात तर काय निवडलं असतं?

मग बाँड लिहून घ्यायचा का? मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट योग्य ठरवली. हे वाचून लगेच स्टॅम्पपेपर आणायला धावू नका. ती सरकारी बँक होती, नेमणूक जाहिरात-परीक्षा अशा लांब प्रक्रियेतून होत होती, अधिकाऱ्याचा पगार मोठा होता. पंधरा हजार पगाराच्या शिक्षिकेकडून दोन लाखांचा बाँड घेणं हे नुकसानभरपाई म्हणून टिकणं कठीण. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईच देतं, आणि वाजवी म्हणजे तुमच्या खऱ्या खर्चाच्या आसपास. रक्कम लिहिण्याआधी वकिलाला दाखवा.

मी आता बाँड घेत नाही. एक पानी समजुतीचा कागद करतो. त्यात चार ओळी असतात: परीक्षेची फी संस्था भरेल. परीक्षेआधी सहा दिवस भरपगारी सुट्टी मिळेल. सोडायचं असेल तर दोन महिने आधी सांगायचं आणि शक्यतो सत्र पूर्ण करायचं. जाताना धडा कुठपर्यंत आला आणि कुठलं मूल कशात कच्चं आहे, याची वही पुढच्या शिक्षकाला द्यायची.

याच कागदावर गेल्या वर्षाच्या आधी एक मॅडम माझ्याकडे होत्या, असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं नाही. हा कागद मी त्या नोव्हेंबरनंतर केला, आणि त्याची पहिली सही माझ्या आत्ताच्या गणिताच्या मॅडमची आहे. त्यांनाही टीईटी द्यायची आहे. पास झाल्या की त्याही जातील, हे आम्हा दोघांना माहीत आहे. फरक एवढाच, की आता ते मला सोमवारी व्हॉट्सॲपवर कळणार नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण

शेवटी एक जुनी गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. पनवेलचं महात्मा फुले कॉलेज त्याच संस्थेचं, म्हणून नाव तुमच्या ओळखीचं आहे. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक लागणार, आणि ते तयार मिळणार नव्हते. मग अण्णांनी काय केलं? १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारं कॉलेज सुरू केलं, सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज. गावोगावच्या शाळांचा विस्तार वाढत गेला तो त्यानंतर.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, अण्णांनी शाखा वाढवायच्या आधी माणसं तयार करण्यावर खर्च केला. आपण उलट करतो. आधी बोर्ड, मग भाडं, मग बेंच, आणि सगळ्यात शेवटी जे पैसे उरतील त्यात मॅडम.

आजच करायचं काम

एक वही घ्या. तुमच्याकडे शिकवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. समोर चार रकाने करा: आज कुठली पात्रता आहे, कुठली लागते, पुढची परीक्षा किंवा प्रवेश कधी आहे, आणि त्यासाठी मी काय देणार. चौथा रकाना रिकामा राहिला असेल तर जबाबदारी कोणाची, हे मी सांगायला नको.

मग उद्या मॅडमसोबत चहा घ्या आणि एकच विचारा: "मॅडम, तुमची परीक्षा कधी आहे?" त्यांनी तुम्हाला विचारायच्या आधी तुम्ही विचारा.

मी नाही विचारलं. त्या मॅडमचा पेपर कसा गेला, हेही मला आजपर्यंत माहीत नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करा, हिशोबाने करा, आणि माणसं जपून करा!